रोख ग्राहक

बिलांच्या तारा काढून सहा महिने उलटले, तरी जहांगीरभाईंचा हात दिवसातून दहा वेळा गल्ल्यामागच्या, तारा टांगायच्या खिळ्यांकडे जायचा. सात खिळे. वरवट, एकलारा, पातुर्डा, वानखेड, टुनकी, सोनाळा, अशी सहा गावं आणि सातवा खिळा भटक्या गिऱ्हाइकांचा. शेतकरी बियाण्याचं पाकीट पिशवीत टाकायचा आणि बिलाकडे न बघताच म्हणायचा, "राहू दे तुह्याचपाशी." घरी नेलं तर शेळी खाणार, नाहीतर पोरं होडी करणार. मग जहांगीरभाई ते बिल त्याच्या गावच्या तारेत टोचायचे. त्यांच्या वडिलांच्या, मोठ्या अब्बांच्या काळापासून वरवट बकालच्या या दुकानाची हीच रीत होती. ज्या वर्षी सोयाबीन उगवलंच नाही, त्या वर्षी सगळ्या तालुक्यात लोक भरपाईसाठी बिलं शोधत फिरत होते आणि या दुकानातून एका दुपारी सत्तर बिलं तारांवरून उतरली होती. त्यानंतर कोणी बिल घरी न्यायचं नावच काढेना.

आणि आता नेमकं बिल लागत होतं. कपाशीवर गुलाबी बोंडअळी पडली होती. ज्या बीटी कपाशीला अळी शिवतसुद्धा नाही म्हणून लोकांनी महागाचं पाकीट नेलं, तिच्या एकेका बोंडात दोन-दोन अळ्या निघाल्या. नुकसानीचे अर्ज द्यायची मुदत उद्या, सोमवारी संपणार होती. अर्जाला बियाण्याचं बिल हवं, बिलावर लॉट नंबर हवा. सकाळपासून माणसं यायची, ओट्यावर बसायची, म्हणायची, "जहांगीरभाऊ, माहं बिल काढून ठेवजा." जहांगीरभाई "हाव" म्हणायचे. दुसरं काही म्हणायला त्यांची जीभ उचलत नव्हती.

दुपारी बारा वाजता धाकटा मुलगा नौमान पुण्याहून आला. शेगावपर्यंत रेल्वे आणि पुढे काळीपिवळी जीप. थोरल्या अकरमने शटर अर्धं खाली ओढलं आणि घरचे सगळे मागच्या गोदामात, युरियाच्या थप्प्यांमध्ये जाऊन बसले.

"या साहेब," अकरम म्हणाला. "काढा आमचे कागद तुमच्या क्लाऊडमधून."

नौमानने बॅगेतून लॅपटॉप काढला, मांडीवर उघडला आणि मोबाइल उंच धरून गोदामभर फिरला. नेट मिळेना. अकरम थप्पीला पाठ टेकून बघत राहिला. भावाची फजिती पाहून बरं वाटण्याचे दिवस कधीच गेले होते, तरी थोडं बरं वाटलंच.

"गच्चीवर जा," अम्मी, अख्तरीबी, म्हणाल्या. "टाकीपाशी एक कांडी येते. अदीबाले विचार, तिनं आख्खा जून तिथंच काढला."

नौमान गच्चीवर जाऊन पंधरा मिनिटांनी परत आला. त्याचा चेहरा पाहूनच अख्तरीबींनी पदर तोंडाशी नेला.

"सहाशे बारा पाकिटं विकल्याची नोंद आहे," तो म्हणाला. "पण नावं नाहीत. सगळी एकाच खात्यावर आहेत. रोख ग्राहक."

"म्हंजे?" जहांगीरभाईंनी विचारलं.

"म्हणजे, अब्बा, एकाच माणसाने सहाशे बारा पाकिटं नेली असं दिसतं. आणि त्या माणसाला नाव नाही. लॉट नंबरचे रकानेही कोरे आहेत."

*

अकरमची बायको अदीबा दाराशी बसली होती. अकरमने वळून तिच्याकडे पाहिलं तेव्हा तिला कळलं की आता आपली पाळी आली.

"बारावी पास म्हनून बसवलं होतं तुले कॉम्प्युटरवर," अकरम म्हणाला. "दोनशे मानसाईची नावं टाकता आली नाई? काऊन नाई टाकली, बोल ना!"

अदीबाची नजर गच्चीच्या जिन्याकडे गेली. तिला तो जून जसाच्या तसा आठवत होता. रमजान होता, रोजे चालू होते, घशाला कोरड. खाली दुकानात पेरणीची झुंबड, आणि ती गच्चीवर टाकीच्या सावलीत लॅपटॉप घेऊन बसलेली. एक नाव टाकलं की पडद्यावर गोल चक्र फिरायला लागायचं. एकदा तिने घड्याळ लावून पाहिलं होतं, एका बिलाला अकरा मिनिटं. तेवढ्यात लाइट जायची, इन्व्हर्टर कुरकुरायचा आणि टाकलेलं नावही पुसलं जायचं. खालून अकरम ओरडायचा, "झालं का?" प्रिंटरमधून कागद निघायचा नाही. शेतकरी म्हणायचे, "राहू दे भाभी, बिल तुमच्यापाशीच राहू द्या," आणि आभाळाकडे बघत निघून जायचे. त्यांना तारेची सवय होती. तार नाही हे त्यांच्या लक्षातही आलं नाही.

तिसऱ्या दिवशी तिने पुण्याला फोन लावला होता. पलीकडून नौमान हसत म्हणाला होता, "भाभी, नावं कशाला टाकताय? रोख ग्राहक निवडा आणि नुसती संख्या टाका. पुण्यात सगळे तेच करतात. नावं नंतर भरता येतील."

हे तिने सहा महिन्यांत कोणाला सांगितलं नव्हतं. अब्बांच्या नजरेत नौमान म्हणजे घरातला शिकलेला दिवा. तो आपल्या हाताने विझवायचा तिला धीर नव्हता. तिने नौमानकडे पाहिलं. तो लॅपटॉपच्या काळ्या पडद्याकडे बघत होता.

"तिले काऊन बोलतं?" अख्तरीबी मध्ये पडल्या. "तू बी होता ना खाली. तू नावं लिहून ठेवली होती ना?"

"लिहिली होती अम्मी! खोक्याच्या पुठ्ठ्यावर लिहिली होती. बियान्याची खोकी फोडली का झाकनावर नाव, गाव, लॉट नंबर. मोकळ्या वेळात भाभी... अदीबा भरनार होती." घाईत त्याच्या तोंडून नौमानचा शब्द निघाला. "तुमीच ईदच्या आदी गोदाम साफ केलं. खोकी भंगारवाल्याले कोनं देली?"

अख्तरीबींच्या हातातला पदर तसाच राहिला.

"मले काय मालूम बेटा," त्या हळूच म्हणाल्या. "मी तुले विचारलं होतं, हे ठेवायचं का? तू म्हनला, सारं वर गेलं, फेका."

हे खरं होतं. अकरमला ते आत्ता आठवलं. रोजा सोडायची घाई होती, ओट्यावर अजून तीन माणसं उभी होती, आणि अम्मी काय विचारतात ते नीट न ऐकताच त्याने हात झटकला होता. तो खाली बसला.

*

वर गेलं, हे शब्द नौमानचेच होते. मे महिन्यात याच गोदामात उभं राहून त्याने सगळ्यांना समजावलं होतं. एक जुलैपासून जीएसटी येणार, कॉम्प्युटर तर लागणारच. मग जुना कशाला, नवाच घ्या. माहिती आपल्या दुकानात राहणार नाही, कंपनीच्या मोठ्या मशीनवर राहील, दूर, सुरक्षित. इथे आग लागो, पूर येवो, कागदाला धक्का नाही. अब्बांना सगळं कळलं नव्हतं. पण मुलगा इतकं चांगलं बोलतो याचाच त्यांना इतका आनंद झाला की त्याच संध्याकाळी त्यांनी स्वतः स्टुलावर चढून सातही तारा उतरवल्या.

नौमानला आणखी एक गोष्ट माहीत होती, आणि ती या गोदामात कोणालाच माहीत नव्हती.

त्याच्या कंपनीत भिंतीवर महाराष्ट्राचा नकाशा होता. जिथे दुकानं क्लाऊडवर आली तिथे हिरवा ठिपका. पुणे, नाशिक, कोल्हापूरकडे ठिपक्यांची गर्दी, आणि इकडे वऱ्हाडात जवळजवळ कोरं. साहेब म्हणाले, "बुलढाण्याचा तूच ना? मग तिथला पहिला ठिपका तुझा." त्याने अकरा दुकानं गाठली. बारावं बापाचं. बैठकीत त्याने अब्बांचा फोटो दाखवला, पांढरी दाढी, गल्ल्यावर लॅपटॉप. टाळ्या पडल्या. ऑगस्टमध्ये पगार वाढला, हुद्दा वाढला, आणि अम्मीने शेजारी पेढे वाटले.

त्या अकरांपैकी नऊ दुकानांनी वर्षाच्या आत क्लाऊड सोडून दिला होता. नऊही अर्ज त्याच्याच टेबलावरून गेले होते. कारणाच्या रकान्यात कोणी नेट लिहिलं होतं, कोणी लाइट, एकाने नुसतं 'परवडत नाही' लिहिलं होतं. नौमानने एकदा कागदावर आकडे मांडून पाहिले होते. क्लाऊडचं भाडं पुण्याला आणि वरवटला सारखंच. वर इथे इन्व्हर्टर, डोंगल, दोन कंपन्यांचे रिचार्ज, प्रिंटर बिघडला की खामगावची चक्कर. पुण्यातल्या दुकानदाराचा एक कारकून कमी झाला, त्याच्या पगारात क्लाऊड फुकटात पडला. इथे कारकून कधी नव्हताच. होती ती दहा रुपयांची तार. तो कागद त्याने घडी करून खणात ठेवला आणि कोणाला दाखवला नाही. बापालाही नाही. त्याला वाटलं होतं, आपलं दुकान टिकेल, आपली माणसं आहेत.

"भाई," तो अकरमला म्हणाला, "भाभीला बोलू नको. मीच सांगितलं होतं त्यांना, रोख ग्राहक टाका म्हणून."

अकरमने मान वर केली. "तू?"

"हो. आणि..." पुण्याची भाषा त्याच्या तोंडातून गळून पडली. "आनि मले माईत होतं अब्बा. इकडली दुकानं बंद करून राह्यली होती, मले माईत होतं. तुमाले सांगतलं असतं त माहा ठिपका गेला असता. म्हनून नाई सांगतलं."

 अदीबाने डोळे पुसले. इतके दिवस तिने दिराची लाज झाकली होती आणि आता ती उघडी पडल्यावर तिलाच वाईट वाटत होतं.

अकरम उठून उभा राहिला. नौमानला वाटलं, आता हा हात उचलणार. लहानपणी उचलायचा तसा. उचलला असता तर बरं झालं असतं.

"सोड," अकरम म्हणाला. "झालं ते झालं. आता ऐका माहं. आपल्यापाशी जुनी बिलबुकं कोरी पडली आहेत. कंपनीकडून माल आला त्याचे लॉट नंबर आहेत, नऊ लॉट. कोनाले किती पाकिटं गेली, अब्बाले तोंडपाठ आहे. आत्ता बसलो त संध्याकाळपर्यंत दोनशे बिलं होतात. जूनची तारीख टाकायची. लॉट नंबर अंदाजानं वाटून द्यायचे."

"अन् अंदाज चुकला त?" अदीबाने विचारलं. आज पहिल्यांदाच ती नवऱ्याच्या तोंडावर बोलली. "एखाद्याच्या घरी रिकामं पाकीट निघालं, त्याच्यावर दुसरा लॉट निघाला, त अर्ज खोटा पडते. त्या मानसाची बदनामी होते, आपली नाई."

"बिल नसलं तरी अर्ज पडतेच ना!"

"भाई बरोबर म्हणतो," नौमान घाईने म्हणाला. "काहीतरी हातात असलेलं बरं." तो म्हणाला आणि त्याला स्वतःचीच किळस आली. चूक आपली, आणि ती झाकायला बापाची सही मागतोय.

अख्तरीबींनी हात वर केला. "पोट्टेहो," त्या म्हणाल्या, "तुमचे अब्बा काय म्हनतात ते त ऐका."

*

जहांगीरभाई त्यांच्यात नव्हतेच. नौमानचं बोलणं संपताच ते उठून पुढे दुकानात गेले होते आणि गल्ल्याखालच्या खणातून एक कोरं बिलबुक काढून बसले होते.

सगळ्यांची बिलं करायचा त्यांचा विचार नव्हता. एकच करायचं होतं. कडूबा उमाळेचं. कडूबा म्हणजे पन्नास वर्षांची सोबत. शाळेत एका पाटीवर लिहिलं, कबड्डीत एका बाजूने खेळले. मोठे अब्बा गेले तेव्हा कबर खोदायला सगळ्यात आधी कडूबा फावडं घेऊन आला होता. यंदा त्याने चार पाकिटं नेली होती. पहिली वेचणी घरी आली, दुसऱ्या वेचणीला बोंडं किडकी निघाली आणि दिवाळीनंतर त्याने कपाशीच्या उभ्या पऱ्हाटीत बकऱ्या सोडल्या. त्याची मुलगी राखी शेगावला नर्सिंगला होती. तिचं दुसरं वर्ष या अर्जावर अडकलं होतं, हे तो बोलला नव्हता, पण त्याची बायको, कोकिळा वहिनी, अख्तरीपाशी बोलली होती.

त्यांनी पेन उघडलं. नाव लिहिलं, कडूबा तुळशीराम उमाळे. गाव लिहिलं. पाकिटं चार. तारीख लिहिताना जरा थांबले, मग जूनची बारा तारीख टाकली. ती खरीच होती. त्या दिवशी कडूबा आला होता, हे त्यांना पक्कं आठवत होतं. त्याने बिलासाठी हात पुढे केला नव्हता, आणि आपण म्हणालो होतो, "यंदा तार नाई बाप्पा, सारं कॉम्प्युटरात." कडूबा हसून म्हणाला होता, "तुह्यापाशीच आहे ना? मंग झालं."

लॉट नंबरच्या रकान्याशी पेन अडलं. नऊ लॉट. त्यातला कोणता? माणसांचे चेहरे त्यांना आठवत होते, कोणी कोणत्या रंगाची पिशवी आणली ते आठवत होतं, पण नंबर कधी लक्षात ठेवावा लागलाच नव्हता. तो तारेवर असायचा. चाळीस वर्षांत त्या तारांमध्ये एकही खोटा कागद टोचला नव्हता. पहिला खोटा कागद कडूबाच्या नावाचा असावा, हे त्यांच्याने होईना. त्यांनी बिल फाडलं, चार तुकडे केले आणि सदऱ्याच्या खिशात ठेवले.

अकरम मागून येऊन उभा राहिला. त्याने तुकडे पाहिले.

"अब्बा, तुमच्या इमानापायी दोनशे लोक मरतीन," तो म्हणाला. त्याचा आवाज रडवेला होता.

"हाव," जहांगीरभाई म्हणाले. "मले मालूम आहे. उद्या म्या सोता शेतकी हापिसात जातो. लिहून देतो का या लोकाईनं माल माह्याच दुकानातून नेला, अन् कागद माह्या चुकीनं गेले. साहेबाले वाटलं त धरतीन, नाई त नाई. मंग लायसन गेलं त जाऊ दे."

"तुमची चूक नाही अब्बा," अकरमच्या मागोमाग आलेला नौमान म्हणाला. "माझी आहे."

"तारा म्या काढल्या ना बेटा? तुले कोनं सांगतलं होतं का अब्बाले स्टुलावर चढव? तू बोलत होता, मले आवडत होतं. बस." त्यांनी मुलाच्या खांद्यावर हात ठेवला. त्यापेक्षा थोबाडीत बसली असती तर नौमानला सोसली असती.

तेवढ्यात अर्ध्या शटरखालून कडूबा वाकून आत आला. अकरम आत निघून गेला, फक्त नौमान बियाण्याच्या रिकाम्या कपाटाशी उभा राहिला.

"पुण्याचं पोट्टं आलं वाटते," कडूबा म्हणाला. "बरं हाये ना बे? वाळला रे." मग जहांगीरभाईंकडे वळला. "निघालं का माहं?"

जहांगीरभाईंनी सांगितलं. सगळं सांगितलं. गच्ची, खोकी, रोख ग्राहक, भंगार, नौमानचं नाव तेवढं घेतलं नाही. कडूबा ऐकत होता आणि मध्ये मध्ये टोपी काढून परत डोक्यावर घालत होता.

"म्हंजे नाईच," तो शेवटी म्हणाला.

"नाई."

"कोनाचंच नाई?"

"कोनाचंच."

कडूबाने ओट्याकडे पाहिलं. बाहेर एकलाऱ्याची चार माणसं बसली होती. त्यांना अजून माहीत नव्हतं.

"काकाजी," नौमान पुढे आला, "राखीच्या फीचं मी बघतो. मी पाठवतो."

कडूबाने त्याच्याकडे पाहिलं. रागाने नाही. "नोको बाप्पा," तो म्हणाला. "अर्ज माहा होता. तुहे पैसे घेतले त मंग ते वेगळंच झालं." आणि जहांगीरभाईंना म्हणाला, "कोकिळाले काय सांगू तेवढं पाहतो आता. तू नको लावून घेऊ जिवाले. तुहं बी वय झालं."

तो जायला निघाला आणि शटरपाशी थांबला. "हरबऱ्यावर घाटेअळी दिसून राह्यली. दोन एकराची एक बाटली दे."

जहांगीरभाईंनी कपाटातून बाटली काढली, फडक्याने पुसली. जुनं बिलबुक गल्ल्यावरच होतं. त्यांनी बिल लिहिलं, नाव, गाव, औषध, बाटलीवरचा नंबर, सगळं नीट. बिल फाडलं आणि सवयीने हात मागे, वरवटच्या खिळ्याकडे गेला. खिळा रिकामा होता. हात तिथेच थांबला.

"इकडं दे," कडूबा म्हणाला.

चाळीस वर्षांत त्याने या दुकानातून एकही बिल नेलं नव्हतं. जहांगीरभाईंनी कागद पुढे केला. कडूबाने तो घेतला, चष्मा नव्हता तरी डोळ्यांजवळ नेऊन नंबर वाचला, दोन घड्या केल्या, टोपी काढून तिच्या पट्टीत खोचला आणि टोपी नीट डोक्यावर बसवली.

"तुह्यावर कायले बोजा," तो म्हणाला, आणि शटरखालून वाकून बाहेर गेला.